नदीच्या मधोमध

"मॅडम, नदीच्या बरोबर मधोमध ड्रोन पडला, तर तो कोणत्या देशात बुडाला म्हणायचं?"

हे विचारून दाखव, नाहीतर तुझं नाव बदलू, असं मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. मैत्रिणी तिला भोंगा म्हणत, आणि हे नाव गमावणं तिला परवडणारं नव्हतं. म्हणून विमान खात्याच्या मोठ्या बाई बाबांच्या ड्रोनच्या वर्कशॉपची तपासणी संपवून उठल्या आणि "कुणाला काही शंका?" असं आपलं म्हणायचं म्हणून म्हणाल्या, तेव्हा कपबशा उचलता उचलता भोंगा वाजला. बाबांनी डोळे वटारले. आई नीट लावलेल्या बॅटऱ्या उगाच पुन्हा नीट लावू लागली.

बाई मात्र हसल्या नाहीत. परत खुर्चीत बसल्या.

नदीचा हा काठ आपला, पलीकडचा दुसऱ्या देशाचा. इथल्या दवाखान्यातले रक्ताचे नमुने ड्रोननं नदीपार तिकडच्या प्रयोगशाळेत पोचवायचे, हे बाबांना मिळालेलं सगळ्यात मोठं काम. पुलावरून गाडीनं जायचं तर नमुने वाटेतच शिळे होत. बाबांनी वर्षभर दोन्ही देशांच्या कचेऱ्यांत खेटे घातले होते. इकडच्यांनी नदीच्या मध्यापर्यंत हो म्हटलं, तिकडच्यांनी मध्यापासून पुढे. आज फक्त बाईंची सही बाकी होती.

मध्यापासून पुढे ड्रोन कोण उडवणार, असं बाईंनी विचारलं. बाबा म्हणाले, मीच की, इथूनच. तिथे माशी शिंकली. बाबांचा परवाना इकडचा. तिकडच्या आभाळात त्याला कुणी विचारत नव्हतं. पलीकडच्या काठावर तिकडचाच परवानेवाला उभा हवा. ड्रोन मध्यावर आला की बाबांनी ताबा सोडायचा, त्यानं घ्यायचा. ही गोष्ट बाबांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आपला रिमोट त्यांनी कधी आईच्याही हातात दिला नव्हता.

"मुलीनं आज विचारलं म्हणून बरं," बाई पर्स उचलत म्हणाल्या. "पाण्यात पडल्यावर विचारायची वेळ आली असती."

सही राहिली. पलीकडचा माणूस मिळेपर्यंत राहणार होती, आणि दवाखाना फार तर पावसाळा संपेपर्यंत थांबणार होता.

मग घरात कुणाचाच पाय ठरेना. बाबा फोन कानाला लावून व्हरांड्यात येरझाऱ्या घालत. तिकडचा एक परवानेवाला शेतांवरच्या फवारणीत अडकलेला, दुसरा लग्नांचे व्हिडिओ सोडून यायला तयार नाही, तिसरा फोनच उचलेना. भोंग्याला कुणी रागावलं नाही, हेच तिला जास्त टोचत होतं. वर्गात बसलं की पाय हलायचे, घरी आलं की जीव वरखाली. मैत्रिणींनी विचारलं, काय उत्तर मिळालं? ती म्हणाली, अजून बुडतोय.

शेवटी तिनं मावशीला फोन लावला. मावशी लग्न होऊन पलीकडच्या काठावर गेलेली. तूच घे ना परवाना, अशी भाचीनं गळ घातल्यावर मावशी म्हणाली, बाई गं, मला टीव्हीचा रिमोट आवरत नाही. पण चौकशी तिनं चोख केली. तिकडे सोळा वर्षं पूर्ण झाली की परवान्याच्या परीक्षेला बसता येतं, फक्त मुक्काम तिकडे हवा. भोंग्याला सोळा होऊन दोन महिने झाले होते. आणि मागच्या अंगणात छोटा ड्रोन कपडे वाळत घालायच्या दोरीखालून न अडकवता काढणारी घरात ती एकटीच होती. बाबांचा तर दोनदा अडकला होता.

रात्री जेवताना बाबा ताटातला भात नुसता इकडून तिकडे करत होते. आईनं विचारलं, आता काय करायचं? बाबा म्हणाले, काम सोडून देऊ.

भोंग्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. एरवी ती बोलली की शेजारी ऐकू जायचं. आज आवाज बेताचाच निघाला.

"शाळेची परीक्षा झाली की मी मावशीकडे राहायला जाणार आहे. तिकडचा परवाना काढणार. त्या परीक्षेत नापास झाले तर पुन्हा बसेन, पण जाणार. बाबा, नदीच्या मध्यावर तुम्ही सोडायचं आणि मी धरायचं. तोवर तुम्ही सोडायची सवय करा."