मातृशक्तीची शिशी

पुंजाजींनी पारावर उडी मारली आणि अनसिंगच्या देवळापुढची सगळी गर्दी उभी राहिली. चार वर्षं गुडघे धरून बसलेला एकाहत्तर वर्षांचा माणूस! "माय वं!" बाया ओरडल्या. त्यांची बायको रुख्मिणीबाई तेवढी त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांची पुडी धरून उभी होती. तिला नवऱ्याच्या साखरेची काळजी होती.

आदल्या दिवशी त्यांना सुई टोचणाऱ्या आयुष्यानंद महाराजांनी डोळे मिटले. "मी काही केलं नाही. पेशीपेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाची चूल आहे. ती फक्त आईकडून मिळते. त्या चुलीच्या प्रसादाला विज्ञान पेप्टाइड म्हणतं. मी आईचाच प्रसाद टोचतो. वय वीस वर्षं मागं जातं."

त्यात विज्ञान होतं, आई होती आणि सुई होती. माणसाला आणखी काय पाहिजे? रांग लागली.

अट एवढीच, की जुन्या गोळ्या बंद करायच्या. देवीचं चित्र चिकटवलेल्या पाच शिश्या घरी गार जागी ठेवायच्या. चेला रोज येऊन टोचणार आणि रिकामी शिशी परत नेणार. रुख्मिणीबाईनं एक शिशी फुटली म्हणून सांगितलं आणि माठाखालच्या ओल्या वाळूत खोचून ठेवली. पेरणीनंतरही बियाण्याची पिशवी, टॅग आणि मूठभर दाणे ती सोयाबीन घरात येईपर्यंत जपायचीच. उगवलं नाही तर पुरावा लागतो.

पाचव्या दिवशी पुंजाजी तांब्यामागून तांबे पाणी प्यायले. ते लघवीला जात त्या मोरीत मुंगळ्यांची रांग लागली. रुख्मिणीबाईनं गावची आरोग्यसेविका, आशाताई सुकेशनीला बोलावलं. बोटाला सुई टोचली. साखर चारशे अडतीस.

वाळूतली शिशी काढली तर देवीचं चित्र ओलाव्यानं सुटून आलं. खाली दुसरं लेबल होतं.

"मावशी, हे स्टेरॉइड हाय," सुकेशनी म्हणाली. "दुखनं दबते, तरतरी येते, आन् साखर आभाळाले जाते."

"मंग ते पेप्टाइड?"

"ते खोटं नाई. त्या चुलीतून प्रथिनाचे बारके तुकडे निघतात. शास्त्रज्ञ अभ्यास करून राह्यले, जास्त करून उंदरायवर. त्यानं मानसाचं आयुष्य वाढते हे अजून सिद्ध नाई झालं. आन् या शिशीत तर ते नाईच."

पुंजाजींना तसंच वाशिमच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला.

पुढच्या रविवारी रुख्मिणीबाई पाण्याची बादली घेऊन पारावर गेली.

"माते, श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले.

"श्रद्धा बरोबर होती जी. साखर जास्त झाली."

तिनं त्यांच्याच तबकातल्या शिश्या उचलून बादलीत टाकल्या. थोड्या वेळानं पाच देव्या पाण्यावर तरंगल्या. महाराजांना तातडीनं निघायचं होतं, पण सुकेशनीनं बोलावलेले पोलीस त्यांच्या गाडीला टेकूनच उभे होते.

रुख्मिणीबाई लोकांकडे वळली.

"बी पेरायच्या आदी शंभर दाने ओल्या पोत्यात उगवून पाहता ना? वावरासाठी एवढं पाहता, मंग सोताच्या रक्तात काय चाललं, हे काहून पाहत नाई? इचारा. लेबल वाचा. डॉक्टरले दाखवा."

ती घरी आली तेव्हा पुंजाजी खाटेवर बसून होते.

"पन मी उडी मारली होती ना वं?"

"मारली होती," ती म्हणाली. "हे घ्या गोळी."