अडीच सुती बोल्टाची धास्ती

मित्रांनो, मी एक जुना बोल्ट आहे, आणि आधीच कबूल करतो, पक्का भित्रा आहे. उंची बोटभर, जाडी अडीच सूत. इंचाचे आठ भाग केले, की त्यातला एक म्हणजे सूत. रोह्याच्या दाजींच्या जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाचं झाकण आम्ही चार बोल्ट धरून असतो. आत पिस्टन उधळलेल्या रेड्यासारखा धडका देतो. एकदा कोलाडच्या पुढे बाकीच्या तिघांना डुलकी लागली, तेव्हा तीन मैल मी एकट्यानेच झाकण धरलं होतं. खोटं वाटतं? विचारा त्या तिघांना. पण झोपलेल्यांना काय आठवणार!

माझे आटे, म्हणजे अंगावरचे पीळ, बिघडवले ते दाजींनीच. खांब गावाजवळ गाडी उघडली आणि परत लावताना मला तिरका घालून पान्याने रेटलं. टोकाचे तीन आटे चेपले. गाडी टेम्पोत घालून पेणला जितेशच्या गॅरेजात आणावी लागली. सोबत दाजींच्या पत्नी, रंभाकाकी. त्यांचं माहेर मूर्तिकारांच्या जोहे गावचं. गणपतीच्या मातीत हात घालतच वाढलेल्या.

जितेशने मला रॉकेलने पुसलं, मापलं आणि म्हणाला, "आठ एमएम. डाय फिरवतो, दोन मिन्टांचं काम."

माझ्या अंगातलं तेल गोठलं. डाय म्हणजे पोलादी कडं, आतून धारदार दात. आणि मी आठ एमएमचा नव्हतोच! मी केसभर बारीक, माझे आटे विरळ. ती डाय चढली असती तर माझे आटे कापून तिने आपले पाडले असते. मग मी ना सुताचा, ना एमएमचा. भर रस्त्यात झाकण उडालं असतं, आणि वर बसलेले दाजी आणि काकी. ओरडावं तर माझ्या नावात 'बोल' आहे, पण तोंड नाही.

करकर! पहिल्या चेपलेल्या आट्यावर दात बसले. माझा एक तुकडा खाली पडला. मी होता तेवढा जोर लावून अडलो.

"गंज हाय," जितेश म्हणाला आणि दांड्यावर भार टाकू लागला.

"अरे थांब!" काकी ओरडल्या. "अडतंय म्हंजे काय तरी सांगतंय ते."

"काकी, मूर्ती नाय ही. लोखंड हाय."

"तू गप ऱ्हा गो," दाजी म्हणाले. "मेकॅनिक तो हाय का तू?"

"आणि खांबला रेटलंत तवा मेकॅनिक कोण होता?"

दाजी एकदम टायरमधली हवा तपासू लागले.

काकी शेजारच्या मूर्तींच्या कारखान्यात गेल्या आणि शाडूचा गोळा घेऊन आल्या. तो थापला. माझी धड बाजू त्यावर दाबून ठसा घेतला. त्याला लागून आठ एमएमच्या नव्या बोल्टाचा. आट्यांच्या पहिल्या दोन रेघा शेजारी शेजारी बसल्या. पाचवीला फारकत झाली.

"बघ," काकी म्हणाल्या. "ह्यांचं सूत जुळत नाय रे."

जितेशचा चेहरा शाडूसारखा फिका पडला. "सुती हाय हा! काकी, मी मारलाच असता ह्याला."

त्याने डाय उलटी फिरवून अलगद काढली. मग त्याच इंजिनातला एक सुती नट घेतला, करवतीने चीर पाडून तो किंचित फाकवला, माझ्या चेपलेल्या टोकावरून सरकवून धड बाजूला आवळला, तेल सोडलं आणि तिथून टोकाकडे हळूहळू फिरवत आणला. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. घाण चिरेतून बाहेर आली, चेपलेले आटे उभे राहिले. दुखलं, पण ते दुखणं माझ्याच मापाचं होतं.

आता मी परत जागेवर आहे. किक बसली की अजून छातीत धस्स होतं. तरी धरून असतो.

मित्रांनो, बोल्ट लावताना आधी नुसत्या बोटांनी फिरवा. अडला तर पान्याकडे हात नेऊ नका. काढा, पुसा, नीट बघा. अडणारा दर वेळी हट्टी नसतो. कधी कधी तो तुमच्याच जिवासाठी अडलेला असतो.