लाल रेघेच्या वर

मी बरणी बोलतेय. गोळ्या-बिस्किटांची नव्हे, मापाची. जाड काचेची, अंगावर रेघा कोरलेली, बोजड.

भट्टीतून निघाले ती थेट दवाखान्यातल्या औषधं घोटायच्या खोलीत आले. खोकल्याचं औषध माझ्यात मोजायचे. पुढे औषधं तयार बाटल्यांतून यायला लागली आणि मला कपाटावर चढवलं. माणसांचं असंच असतं. गरज सरली की धूळ खात बसा.

एका दुपारी एका शिकाऊ डॉक्टरबाईने मला ओढून खाली काढलं. शेजारच्या खोलीत एक बाळंतीण नुकतीच दगावली होती. सगळे म्हणत होते, रक्त थोडंच गेलंय, बायकांचं जातंच. डॉक्टरबाईने खाटेखालच्या ट्रेमधलं रक्त माझ्यात ओतायला घेतलं. मी भरत गेले, भरत गेले, गळ्याशी आले, तरी ट्रे रिकामा होईना. आयुष्यात औषधापलीकडे काही न पाहिलेली मी. काचेची असून मला कापरं भरलं. बाई आयाला म्हणाली, "मावशी, आम्ही सगळे नुसते बघत उभे होतो."

त्या दिवसापासून तिने हाच ध्यास घेतला. नखांच्या रंगाने माझ्या अंगावर एक लाल रेघ ओढली. रक्त इथवर आलं की हाक मारायची, धावायचं. प्रत्येक बाळंतपणानंतर ती आधी सगळ्यांना अंदाज विचारायची आणि मग ओतायची. मोठे डॉक्टर ऐटीत म्हणाले, "कपभर." निघालं तिप्पट. त्यांनी खापर माझ्यावर फोडलं. पाणी ओतून ओतून मला तपासलं. मी बरोबर. साहेबांचा चेहरा पडला.

माणसाला दुसऱ्याचा पगार दुप्पट दिसतो, शेजारणीची चूक दसपट. बाईचं रक्त मात्र निम्मंच दिसतं. ही कुठली नजर म्हणायची?

बाईने जन्म यातच घातला. दवाखाने पालथे घातले, हसणाऱ्यांना पुरून उरली. शेवटी बाळंतिणीच्या खाली मापाच्या रेघांची पिशवी लावायची पद्धत पडली. बाईचे केस पांढरे झाले, सगळे तिला मॅडम म्हणू लागले. मी तिच्या टेबलावर पेनं सांभाळत बसले.

मग तिचीच सून बाळंतपणाला आली. बाळ इतक्या घाईने आलं की पिशवी लावायला सवडच मिळाली नाही, खाली नुसता ट्रे सरकवला. बाळंतपणाच्या खोलीचं मधलं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. नर्सने विचारलं, मोजायचं का.

"राहू दे गं," मॅडम म्हणाल्या, "माझी नजर काय आजची आहे? कपभरही नाही."

मी टेबलावर थिजले. हे ही बाई बोलतेय? नातीचं तोंड बघितलं आणि इतक्या वर्षांची विद्या विसरली. नुसती आजी झाली.

तेवढ्यात सुनेचा बारीक आवाज आला. "आई, सगळ्या जगाला सांगता ना, मोजा म्हणून? मग माझं मोजा."

मॅडम धावत आल्या. पेनं जमिनीवर उधळली. ट्रे माझ्यात रिता केला. रक्त लाल रेघेला लागलं, वर चढलं, आणि तिकडे अजून वाहतच होतं. मग एकेक हुकूम सुटला. इंजेक्शन, सलाईन, चढवायला रक्त. स्वतः सुनेचं पोट चोळत उभ्या राहिल्या, रक्त थांबेपर्यंत.

सून वाचली. बोलायचं त्राण आलं तशी म्हणाली, "कपभर म्हणे. आता घरी चहा तुम्ही ओतायचा नाही."

मॅडमना हसू आलं नाही. त्या भिंतीकडे तोंड करून रडल्या.

आता मी शिकवायच्या खोलीत असते. मॅडम ट्रेमध्ये लाल पाणी ओततात, मुलामुलींना अंदाज विचारतात. एकजात सगळे कमी सांगतात. ते माझ्यात ओतलं की हशा पिकतो. मॅडम हशा सरू देतात आणि मग सांगतात, "माझ्या सुनेच्या वेळी मी कपभर म्हटलं होतं."

माझ्या काठाला तडा गेलाय. परवा कुणी म्हणालं, हिला काचेच्या कपाटात शोभेला ठेवू. खबरदार! मी फुटले तर दुसरी आणा, स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं आणा. पण बाईकडे वरवर बघून 'थोडंच आहे' म्हणू नका.

आणि एक करा. माझी लाल रेघ पुसट होत चाललीय. तुमच्यापैकी कुणाच्या तरी पर्समध्ये नखांचा रंग असेलच. तेवढी रेघ पुन्हा ओढा.