फुटपाथवरची दुसरी सावली

"या बाईला दोन सावल्या कशा?" भिंगकाकांनी संगणकाच्या पडद्यावर पेन्सिलीचं टोक टेकवलं.

नवी फोटोग्राफर मुलगी वाकून पाहू लागली. रस्ता रुंद करायला दुकान पाडलं, म्हणून एक म्हातारी फुटपाथवरच शिलाई मशीन मांडून शिवत बसली होती. तिची एक गडद सावली डावीकडे पडली होती आणि दुसरी, फिकट, उजवीकडे.

"होत्या सर. दिसल्या तशा टिपल्या."

"कशामुळे पडल्या?"

"ते नाही पाहिलं. मी बाईंकडे बघत होते."

"सूर्य किती आहेत गं आपल्याला?"

भिंगकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण वर्तमानपत्रात येणारा प्रत्येक फोटो एकतीस वर्षं भिंगाखाली घालणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? सभेतली गर्दी दुप्पट करून दाखवणारा एक फोटो त्यांनी एकाच माणसाच्या तुटक्या बटणावरून पकडला होता. तेच तुटकं बटण गर्दीत दोन ठिकाणी दिसत होतं. संशय हा त्यांचा धंदा होता आणि स्वभावही. दूधवाला हसला की त्यांना वाटे, आज पाणी जास्त. घरी थोरली बहीण होती. ती म्हणायची, "तुला देव भेटला ना, तरी तू आधी त्याचं ओळखपत्र मागशील."

या मुलीवर तर त्यांची पहिल्या दिवसापासून नजर होती. नोकरीआधी तिनं एका कलादालनात प्रदर्शन भरवलं होतं. तळ्यावर दोन चंद्र, झाडाच्या बुंध्याला खिडक्या, असले फोटो. लोकांनी वाहवा केली. काका अर्ध्यातूनच घरी गेले होते.

"आकाशात दोन चंद्र टांगणारीला एक जादा सावली काय जड?"

मुलीचा चेहरा लाल झाला. "तिथं प्रत्येक फोटोखाली लिहिलं होतं सर, रचलेलं चित्र म्हणून. ते माझ्या मनातलं होतं. हे त्या बाईंच्या आयुष्यातलं आहे. इथं मी एक केससुद्धा हलवणार नाही."

"मग मूळ फाईल दाखव."

"कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून दुसऱ्या पाळीला दिलं. नियमच आहे ना तसा."

नियम काकांनीच घातलेला होता. कार्डं मोजकी आणि पाळ्या दोन. पण तेही त्यांना सोयीचं निमित्त वाटलं. फोटो छापला गेला नाही. मुलीची नोकरी अजून कायम व्हायची होती. संपादक म्हणाले, काकांनी नाही म्हटलं म्हणजे नाही. तिच्या कागदावर 'फोटोत फेरफार' असा शेरा पडला. असा शेरा असलेल्या माणसाला दुसरं कुठलं वर्तमानपत्र दारात उभं करत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तिनं टेबल आवरलं आणि ती गेली.

एवढ्यावर थांबले तर ते भिंगकाका कसले? बाईलाही पढवूनच बसवलं असणार, ही शंका त्यांना गप्प बसू देईना. आठ दिवसांनी दुपारी ते स्वतःच त्या रस्त्यावर गेले. म्हातारी मशीनवर होती.

"त्या फोटोवाल्या मुलीनं तुम्हाला इथं बसवलं होतं का हो?"

"मला कोण बसवतंय? दुकान पाडलं, पण लोकांचे कपडे द्यायचे राहिलेत ना." बाई मान वर न करता म्हणाल्या. "गुणाची पोर. म्हणाली, मावशी, माझ्याकडे बघू नका, तुमचं चालू द्या. आला का हो फोटो छापून?"

तेवढ्यात मशीनवरचा उजेड वाढला. बाईंनी घाईनं सुई आणि दोरा हातात घेतला.

"चार वाजले. ती समोरची काचेची इमारत झाल्यापासून या वेळेला दहा मिनिटं दोन्हीकडून ऊन येतं. सुईत दोरा ओवायला बरं पडतं."

काकांनी खाली पाहिलं. त्यांच्या पायांपासून दोन सावल्या निघाल्या होत्या, एक गडद आणि एक फिकट. ते एक पाऊल सरकले. दोन्ही सरकल्या. त्यांना अशी लाज वाटली की बाईंचा निरोप घ्यायचंही ते विसरले.

सगळं ऐकून संपादक म्हणाले, "जाऊ द्या हो काका. शिळ्या कढीला ऊत कशाला? तुमचंच हसं होईल."

"होऊ दे. तिचा फोटो तिच्या नावानं छापायचा. तो शेरा काढायचा. आणि शेजारी माझी चूक, माझ्या नावानं, माझ्या फोटोसकट."

मुलगी बाजाराच्या टोकाला एका स्टुडिओत कामाला लागली होती. काका आत शिरले तेव्हा ती पडद्यावर एका नवरदेवाच्या गालावरचे फोड पुसत होती.

"दिवसभर हेच करते," ती मागे न वळता म्हणाली. "इथं कुणी विचारत नाही."

काकांनी सगळं सांगितलं. काचेची इमारत, चार वाजता, सुई. ती मागे वळली.

"मी परत येणार नाही सर."

"ये म्हणायला मला तोंड कुठं आहे? माझा फोटो काढून हवाय, उद्याच्या अंकासाठी."

तिनं त्यांना स्टुलावर बसवलं, दोन्ही बाजूंचे दिवे लावले आणि कॅमेऱ्यातून पाहिलं.

"थांबा, एक दिवा विझवते. मागं दोन सावल्या पडताहेत."

"पडू देत," काका म्हणाले.

तिनं दिव्याकडे नेलेला हात मागे घेतला. मग तिनं कॅमेऱ्याचं बटण दाबलं. फोटो पडद्यावर घेतलासुद्धा नाही. कॅमेऱ्यातून कार्ड काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"पुसलेलं नाही," ती म्हणाली. "कुणी मूळ फाईल मागितली तर दाखवा."