बाबा नवव्या टॅपवर थांबले

दुपारी पावणेतीनला एका वीजकेंद्राचा मोठा संच बंद पडला आणि नियंत्रण कक्षातल्या इंजिनिअरबाईंच्या पडद्यावरचा एक आकडा घसरू लागला. तो व्होल्टेजचा आकडा नव्हता. व्होल्टेज अजून ठीकच होतं. विजेचं जाळं कोसळण्याआधी किती वाव उरलाय, ते हा आकडा सांगायचा. गाणाऱ्याचा सूर लागलेला असतो, पण छातीतला दम संपत आलेला असतो. समोरच्या श्रोत्यांना ते कळत नाही, साथीला बसलेल्याला कळतं. हा आकडा साथीला बसलेला होता.

सकाळी चोवीस टक्के असलेला वाव आता नऊ टक्के होता. धरणावरचा राखीव संच सुरू व्हायला अकरा मिनिटं लागणार होती. आणि लाइनच्या पार टोकाला, एका उपकेंद्रात, व्होल्टेज वर आणण्यासाठी कोणीतरी ट्रान्सफॉर्मरचा टॅप एकेक पायरी चढवत होतं.

कोण, ते बाईंना विचारावं लागलं नाही. टॅप ऑटोवर न सोडता हाताने चढवणारा ऑपरेटर अख्ख्या जाळ्यात एकच उरला होता, आणि तो त्यांचा बाप होता.

"बाबा, टॅप कितीवर?"

"नऊ. दहावा चढवतोय. दिवे मिणमिणायला लागलेत इथे."

"चढवू नका."

"काय?"

"नऊवरच थांबा. व्होल्टेज पडतंय तर पडू द्या."

बत्तीस वर्षांत बाबांनी आपल्या भागातला दिवा मंद होऊ दिला नव्हता. देवापुढची समई सांभाळावी तसा त्यांनी तो भाग सांभाळला होता.

"अगं, पडलं की चढवायचं, हे तुला शिकवलं कोणी?"

"तुम्हीच. एरवी ते बरोबरच आहे. पण आज तुम्ही चढवलंत की तिथले पंप, पंखे पुन्हा पुरती वीज ओढणार, आणि ती ज्या लाइनीतून येते तिच्यातच त्राण नाही. अजून दोन टॅप, की सगळा जिल्हा बंद. दवाखान्यासकट."

"दुसरा फोन खणखणतोय. पंखे रेंगाळतायत म्हणून लोक शिव्या घालणार."

"घालू द्या."

"तुझं काय जातंय! शिव्या मला. आणि तुझा आकडा चुकला तर?"

"तर नोकरी जाईल. जेवायला तुमच्याकडे येईन."

"ते आईला विचार," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. आता बाईंना इथून फक्त टॅपचा नंबर दिसत होता. नऊ. वाव सहा. पाच. देवा, त्यांचा हात धर, एवढंच त्या मनात म्हणत राहिल्या. टोकाकडचं व्होल्टेज खाली बसलं, त्याबरोबर तिकडची ओढही हलकी झाली. वाव चारवर आला आणि तिथेच अडकून राहिला. टॅप अजून नऊवरच. सहा मिनिटं गेली. आठ. नऊ. मग धरणावरचा संच जोडला गेला आणि वाव एकदम सतरावर गेला.

बाईंनी डोळे पुसून फोन लावला.

"बाबा, आता एक चढवा. दोन मिनिटांनी दुसरा."

"बरं." त्यांचा आवाज दमलेला होता. "हात खिशात घालून बसलो होतो गं. नाहीतर गेलाच असता बटणावर." मग म्हणाले, "तुझा तो आकडा माझ्या टेबलावर दिसेल, अशी सोय होते का? निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत माझी."

"होईल. पडदा मात्र छोटा मिळेल."

"मिळू दे. चष्मा आहे."