झिरो माईलचे तीन घोडे

मेघाचा फोन आला तेव्हा रंभा ओट्यावर बसून संत्री निवडत होती. मी फोन स्पीकरवर ठेवला, कारण मेघाचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकायचा असतो. मेघा आमची सून. आता सून म्हणता येत नाही. अंकुश, आमचा एकुलता एक मुलगा, हिंगण्याच्या कारखान्यातून मोटरसायकलवर घरी येताना अपघातात गेला, त्याला सात वर्षं झाली. वर्षभरानं मेघानं पुण्याच्या पियुष ओव्हाळशी लग्न केलं. लग्न कर म्हणून आम्हीच तिच्या मागे लागलो होतो.

"बाबा, मामेभावाच्या लग्नाला डिसेंबरात सावनेरला येतोय आम्ही," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्याची गाडी आहे. तोवर दिवस मोकळा आहे. संबोधीला नागपूर दाखवाल?"

संबोधी म्हणजे आमची नात. अंकुश गेला तेव्हा दीड वर्षाची होती, आता साडेआठ. मेघा पुण्याला गेल्यापासून आम्ही तिला पाहिलेलं नाही.

"दाखवाल का म्हणून काय विचारतेस?" मी म्हटलं.

"एक सांगायचं आहे. तिला काही माहीत नाही. पियुषच तिचे बाबा आहेत. तुम्ही माझे शाळेतले गुरुजी म्हणून भेटाल का?" मग घाईनं म्हणाली, "हा दिवस नीट गेला ना, तर दर डिसेंबरात आणेन तिला. पियुषशी बोलून झालं आहे. त्याचं काही म्हणणं नाही."

मी रंभाकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

"चालेल," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर रंभा म्हणाली, "मी नाही येत. मी तिले पाह्यलं का धरूनच बसन. तुम्ही जा. तुमाले जमते."

"मले तरी कुठं जमते वं?"

"तुमाले पोट्ट्यांची सवय आहे. छत्तीस वर्षं दुसऱ्याच्याच पोट्ट्यांले आपलं समजून राह्यले ना? आता आपल्या पोरीले एक दिवस दुसऱ्याची समजा."

छत्तीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. शाळा सुटली तरी सवय सुटली नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारे आमचे गावाकडचे पाहुणे नंदनवनमधल्या आमच्या घरी उतरतात. मोठी माणसं बाजारात जातात आणि त्यांची मुलं मी घेऊन निघतो. मोठ्यांच्या सोयीनं फिरलं की दुपारपर्यंत पोरं रडकुंडीला येतात, म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. सकाळी झिरो माईल, मग अजब बंगला म्हणजे इथलं जुनं संग्रहालय, ऊन चढलं की विज्ञान केंद्र. जेवण झाल्यावर दीक्षाभूमी, आणि सगळ्यात शेवटी फुटाळा तलाव, कारण समोर पाणी असलं की दमलेली पोरं आपोआप शांत होतात. प्रत्येक मुलाच्या हातात एक वही आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न. उत्तर मी सांगत नाही, मुलानं शोधायचं.

चुकलं तर त्याचाही नियम आहे. गिरबटून खोडायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं चुकलेलं वाचता आलं पाहिजे. मग त्याखाली पाच वेळा बरोबर लिहायचं. अंकुशलाही हाच नियम होता.

संबोधीसाठी चाळीस पानी वही आणली, खाकी कव्हर घातलं. पहिल्या पानावर मी मुलांचं पूर्ण नाव स्वतः लिहून देतो, माझं अक्षर बरं आहे म्हणून. ते पान मात्र कोरं ठेवलं. शाळेत घालताना तिचं नाव बदललं तेव्हा मेघानं कळवलं होतं. संबोधी पियुष ओव्हाळ. मला ते पाठ होतं. तरी हात पुढे झाला नाही.

रंभानं करंज्यांचा डबा दिला. "एक काम करा," ती म्हणाली. "कोनावर गेली ते नीट पाहून या. मले सांगा."

झिरो माईलच्या दगडी खांबापाशी ते तिघं रिक्षातून उतरले. पियुष उंच, चष्मेवाला, हळू बोलणारा माणूस. त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला आणि बराच वेळ वाकलेला राहिला. मेघा माझ्याकडे न पाहता म्हणाली, "संबोधी, हे माझे गुरुजी."

"जयभीम, गुरुजी," मुलगी म्हणाली. "आई म्हणाली तुम्ही खूप प्रश्न विचारता."

"जयभीम. प्रश्न एकच. इथं घोडे किती आहेत? वहीत लिही. अन् घाई नको करू, तुले कोणी मागं लागलं नाही."

"तुले?" ती हसली. "तुला म्हणतात. आमच्या बाई ओरडतील."

"तुमच्या बाईंले नागपूरले पाठव. मी पाहतो."

ती पुन्हा हसली, आणि हसताना तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा आधी मिटला. मी झोळीत पेन शोधायला लागलो. पेन खिशातच होतं.

ती खांबासमोर उभी राहिली, बोट दाखवत मोजलं आणि लिहिलं, तीन घोडे.

तिथं घोडे चार आहेत. एका जागी उभं राहिलं तर एक झाकला जातो, फेरी मारावी लागते. अंकुश सात वर्षांचा असताना याच जागी उभा राहिला होता, फेरी न मारता. त्यानंही तीनच लिहिले होते. मी त्याला म्हणालो होतो, "फिरून पाह्य गा," आणि तो रुसला होता.

"फिरून पाहा," मी तिला म्हटलं.

ती रुसली नाही. धावत गेली, धावत आली. "चार! एक लपला होता."

मी नियम सांगितला. तिनं पट्टी मागितली, तीनवर एक रेघ मारली आणि खाली पाच वेळा लिहिलं, चार घोडे. मेघा पदर सावरत बाजूला गेली. तिला अंकुशचे तीन घोडे माहीत होते. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मीच ते सांगून त्याची चेष्टा केली होती.

अजब बंगल्यात पेंढा भरलेल्या प्राण्यांसमोर तिनं मलाच प्रश्न विचारला, की यांना कळतं का आपण त्यांना बघतोय. मी म्हटलं, लिहून ठेव, याचं उत्तर मलाही येत नाही. विज्ञान केंद्रात माणूस लांबडा दिसणाऱ्या आरशासमोर ती मला ओढत घेऊन गेली. आरशात आम्ही दोघं शेजारी उभे होतो, ताडासारखे. पियुषनं मोबाइल काढला. मेघानं त्याच्या हातावर हात ठेवला, आणि त्यानं तो परत खिशात घातला. नंतर पाण्याची बाटली माझ्या हातात देत तो हळूच म्हणाला, "सर, मला वाईट वाटतं." मी म्हटलं, "तुम्ही मुलगी चांगली वाढवली." 

दीक्षाभूमीवर मी पहिल्यांदा चुकलो. तिथला माझा प्रश्न वर्षानुवर्षं एकच आहे आणि तो तोंडातून निघून गेला.

"छप्पन साली इथं तुझ्या घरातलं कोण आलं होतं?"

पाहुण्यांची मुलं हा प्रश्न घेऊन आपापल्या आजी-आजोबांकडे पळतात. संबोधीनं आधी पियुषकडे पाहिलं, मग मेघाकडे, मग, का कोण जाणे, माझ्याकडे. माझे वडील आले होते. आईच्या कडेवर मी होतो, एक वर्षाचा. ती गोष्ट मी अंकुशला इथंच, याच पायऱ्यांवर सांगितली होती.

"माझे आजोबा," मेघा चटकन म्हणाली. "सावनेरहून बैलगाडीनं आले होते. लिही."

संबोधीनं लिहिलं. जे लिहिलं ते खरंच होतं. मी वाचलं आणि खाली बरोबरची खूण केली.

फुटाळ्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पियुष भुट्टे आणायला हातगाडीकडे गेला. मेघा, मी आणि संबोधी काठावर बसलो. मुलीनं रंभाची करंजी खाल्ली, दुसरी घेतली. "ही कोणी केली?" विचारलं. "आमच्या घरी करतात," मी म्हटलं. तिचे पाय दमले होते, ती माझ्या दंडाला टेकली. अर्धा तास उरला होता. आता काही बिघडत नाही असं मला वाटलं. पुढचा डिसेंबर मनात आला. महाराजबाग ठेवू पुढच्या खेपेला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी रामटेक. तोवर ती इतकी उंच होईल.

"गुरुजी, पहिलं पान कोरं का?" वही चाळत ती म्हणाली. "नाव नसेल तर आमच्या बाई वही तपासतच नाहीत."

"आण, लिहून देतो."

मांडीवर वही घेतली. मी फार सावकाश लिहिलं, काना-वेलांटी वळणदार काढत, जसं पहिलीच्या मुलांसाठी लिहितो तसं. पोरगी दंडाला टेकलेली होती. समोर पाणी होतं. लिहून झाल्यावर पेनाचं टोपण लावलं आणि वही तिला दिली.

तिनं मोठ्यानं वाचलं, "संबोधी अंकुश गजभिये."

मेघाचा हात डब्याच्या झाकणावर होता, तो तिथंच राहिला. पियुष भुट्टे घेऊन येत होता, तो चार पावलांवर थांबला.

"हे माझं नाव नाही," संबोधी म्हणाली. "अंकुश कोण?"

आपल्याकडे मूल जन्मलं की त्याच्या नावामागं बापाचं नाव लागतं. तिच्या जन्माचा कागद मीच भरला होता, याच हातानं. पण हे तिला कसं सांगणार?

"माझा एक विद्यार्थी होता," मी म्हटलं. "हात सवयीनं गेला."

"हुशार होता का?"

"होता."

"माझ्यापेक्षा?"

"नाही. घोडे त्यानंही तीनच मोजले होते."

ती खूश झाली. "मग त्यालाही पाच वेळा लिहायला लावलं?"

"लावलं."

"मग आता तुम्ही लिहा. चूक झाली ना?" तिनं पट्टी काढून माझ्या हातात दिली. मग विचार बदलून पट्टी स्वतःच घेतली, पानावर ठेवली आणि अंकुश गजभियेवर एक रेघ मारली. सरळ, एकच. "लिहा. संबोधी पियुष ओव्हाळ."

पियुष म्हणाला, "राहू दे ना, बाळा. गुरुजी दमले."

"बाबा, नियम आहे."

मी लिहिलं. पहिल्यांदा लिहिताना अक्षर चांगलं आलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या ओळीत पियुषच्या प वर पेन अडकलं, शाई पसरली. चौथ्या वेळी मेघा उठून पाण्याकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. पाचव्या वेळी मी ओठ हलवत लिहीत होतो, मुलं लिहितात तसं. संबोधीनं पान जवळ ओढलं, एकेका ओळीवर बोट फिरवलं आणि खाली बरोबरची खूण केली.

"शाबास," ती म्हणाली.

स्टेशनवर गाडी लागलेली होती. पियुष संबोधीला घेऊन आत जागा शोधायला गेला. मेघा माझ्यासोबत फलाटावर उभी राहिली. दिवसभरात पहिल्यांदा आम्ही दोघंच होतो.

"बाबा," ती म्हणाली. "मी पुढच्या वर्षी म्हणाले होते."

"हं."

"नाही जमणार. आता वर्ध्यापर्यंत विचारत राहील. आडनाव पण वाचलं तिनं. माझ्या जुन्या कागदांवर तेच आडनाव आहे, कधी ना कधी हाताला लागेल. तिला वाचता येतं आता, बाबा."

छत्तीस वर्षं मी मुलांना वाचायलाच शिकवलं. 

"तू सांगशील तिला कधी?"

"सांगेन. मोठी झाली की." तिनं डोळे पुसले. "पण मीच सांगेन. पियुषला त्रास नको व्हायला. त्यानं खूप केलं आहे आमचं."

"त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही."

तिनं पर्समधून वही काढली. पहिलं पान हळूच, आवाज होऊ न देता फाडलं, घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवलं. "बाकी वही तिच्याकडे राहू द्या. तिला आवडली."

पहिलं पान फाडलं की वहीचं शेवटचं पान सुटून येतं. मुलांना मी नेहमी सांगत आलो. मेघाला सांगितलं नाही.

खिडकीतून संबोधीनं हात हलवला. "गुरुजी, पुढच्या वेळी अवघड प्रश्न काढा," ती ओरडली. मी हो म्हणून मान हलवली. गाडी हलल्यावरही ती हात हलवत होती. ती मुलगी फलाट संपेपर्यंत हात खाली घेत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी रंभा दारातच उभी होती. तिनं रिकामा डबा घेतला, उघडून पाहिला.

"खाल्ल्या तिनं?"

"दोन. बाकीच्या गाडीत नेल्या."

"कोनावर गेली?"

"हसते तवा डावा डोळा आधी मिटते," मी म्हटलं. "अन् घोडे तीनच मोजले."

रंभा हसली. मग तिथंच उंबऱ्यावर बसली. रिकामा डबा मांडीवर ठेवून तिनं विचारलं, "आता पुढच्या डिसेंबरात?"

मी खिशातलं पान तिच्या हातात दिलं आणि जे झालं ते सगळं सांगितलं. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे. तिनं चष्मा लावून पान उजेडाकडे धरलं. पाच ओळींवरून बोट फिरवलं आणि परत वर, पहिल्या ओळीवर आणलं.

"एकच रेघ मारली पोरीनं," ती म्हणाली. "खालचं वाचता येऊन राह्यलं."

"तसा नियमच आहे," मी म्हटलं.

तिनं वाचलं. मग पुन्हा वाचलं, मोठ्यानं. पूर्ण नाव.