राज्य दीक्षावर

आइसब्रेकर म्हणे! महाडात बर्फ बघायचा तो मासळी बाजारात, नाहीतर रसवंतीच्या गाड्यावर. आणि संस्थेचे सर मात्र रुकय्याला समजावत होते की शिबिराला आलेल्या मुलांमधला बर्फ खेळांनी कसा फोडायचा. हातात रंगीत तक्ता, तक्त्यावर ओळखीचे खेळ, प्रत्येक खेळापुढे हसऱ्या तोंडाचं चित्र. रुकय्यानं मान डोलावून सगळं शिकून घेतलं. बालवाडीत शिकवणारी पोरगी ती, मुलांत रमणारी. दिवाळीच्या सुट्टीत उमरठच्या अलीकडच्या शाळेत शिबिर लागलं तेव्हा सरांनी तिलाच पुढे केलं.

मुलं कुठली, तर ज्या वाड्यांवर त्या पावसाळ्यात दरड आली होती तिथली. डोंगराचा अख्खा कडा सुटून घरांवर बसला होता. वाचलेली माणसं अजून पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. पोरांना चार दिवस हसू-खेळू द्यावं, एवढाच शिबिराचा हेतू. हेतूला नावं ठेवायला जागा नाही हो, पण तक्त्यावरचा पहिलाच खेळ होता ‘बोट बुडाली’.

आता बोला! डोंगराखालून बाहेर काढलेल्या पोरांना हा खेळ! सरांचं जाऊ द्या, ते पुण्याहून आलेले. पण रुकय्या तर इथलीच, सावित्री नदीचं पाणी घरात शिरलेलं बघितलेली. तिच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. मैदानात गोल करून तिनं खुशाल आवाज लावला, “बोट बुडाली, बोट बुडाली! वाचायचं तर चार-चार जणांचे गट करा!”

पोरं पळाली, एकमेकांना बिलगली. खालच्या वाडीची पोरं तेवढी तिघंच उभी राहिली. मधे दीक्षा, सातवीतली, काटकुळी, दोन घट्ट वेण्या घातलेली. एका बाजूला तिच्याच वर्गातला चंदू आणि दुसऱ्या बाजूला सोना. सोना आणि दीक्षाच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडलेली.

“तुम्ही तिघंच राहिलात. आउट!” रुकय्या हसत म्हणाली.

“चार हाव,” दीक्षा म्हणाली. “अशू हाय ना. तो कच्चा लिंबू हाय, त्याला आउट करायचं नाय.”

कच्चा लिंबू म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. सगळ्यांत लहान पोर; खेळात घ्यायचं, पण बाद करायचं नाही, राज्य द्यायचं नाही. रुकय्याला वाटलं, धाकटा भाऊ असेल, मोरीकडे गेला असेल. तिनं विचारलं, “अगं, मग कुठाय तो?”

चंदू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत पुटपुटला, “दरडीत गेला, बाई.”

दीक्षानं फाडकन त्याच्या थोबाडीत मारली. “गेला नाय! लपलाय!”

खेळ तिथंच थांबला. रुकय्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तक्ता गुंडाळून तिनं माळ्यावर फेकला आणि मुलांना चित्रं काढायला बसवलं. दिवसभर तिची नजर खालच्या वाडीच्या पोरांवरच होती. जेवायच्या पंगतीत, प्रार्थनेच्या रांगेत, गाण्याच्या गोलात दीक्षाच्या शेजारी तेवढी जागा मोकळी असायची. दुसऱ्या वाडीचं कुणी तिथं बसायला आलं की चंदूच त्याला हाताला धरून दुसरीकडे न्यायचा. गालावर तिची बोटं उमटलेली, तरीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीक्षाचा बाप आला. श्रीपत त्याचं नाव. पोलादपूरच्या बाजारात हमाली करणारा, अंगानं दणकट, पण आवाज कसा खोल गेलेला. पोरीचा स्वेटर द्यायचं निमित्त करून आला होता. व्हरांड्यात बसला, पाणी प्यायला, आणि मग हळूच म्हणाला, “बाई, रविवारी पोराचं पुण्यानुमोदन ठेवलंय. त्याच्या नावानं वंदना घ्यायची, चार मानसं जेवायला घालायची. केवढं दिवस झालं, अजून केलं नाय.”

“का हो?”

“पोरगी करू देत नाय. दोनदा ठरवलं, दोनदा तिनं अश्विनचा फोटू घेऊन रानात पळ काढला. शोधनारं लोक पन कवाच परत गेलं, बाई. सगळी गावली, आमचा पोरगा तेवढा गावला नाय.” त्यानं स्वेटरची घडी मोडली, पुन्हा घातली. “हिची आई म्हनते, पोरगी वंदनेला बसल्याबिगर करायचं नाय, आनि केल्याबिगर तिच्या घशाखाली घास उतरत नाय. त्या दोघींच्या मधे मी. उद्या न्यायला येतो तिला. तुमचं ऐकली तर बघा.”

कपाळ! रुकय्याच्या तक्त्यावर यासाठी खेळ नव्हता. संध्याकाळी मुलं हातपाय धुवायला गेली तेव्हा रुकय्या दीक्षाजवळ पायरीवर जाऊन बसली. उगाच गोड बोलायला गेली नाही. म्हणाली, “बाबा आले होते. स्वेटर दिलाय.”

“म्हाईत हाय. रविवारचं सांगायला आलेलं.”

“हो.”

दीक्षा वेणीचं टोक चावत बसली. मग आपणहूनच बोलायला लागली, समोरच्या डोंगराकडे बघत.

“त्या दिवशी पाऊस जरा उघडलेला, बाई. आमी डबाऐसपैस खेळत व्हतो. राज्य माझ्यावर. अशूला लपायला येत नाय, मंग मीच त्याला जागा दावायची. लाकडांच्या मागं जाऊन बस, म्हटलं. सगळ्यांना शोधलं. अशूचं पाय दिसत व्हतं, लाल चड्डीसुदीक दिसत व्हती. पन कच्च्या लिंबूला लगेच धरायचं नाय ना? मंग मी म्हटलं, ‘कुठं बरं गेला अशू? गावतच नाय गो!’ तो खुदुखुदू हसत व्हता. मी न बघितल्यासारखं करून पुढं गेले, चंदूच्या आंगनापर्यंत. एक फेरी मारून येऊ, मंग ऐसपैस म्हनू, असं...”

तिनं हातानं डोंगर दाखवला. पुढचं बोलायची गरजही नव्हती.

रुकय्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिनंही आपल्या मोहल्ल्यात धाकट्या अकिबला असंच खेळवलं होतं. पिंपामागून त्याचं डोकं दिसत असताना ‘अकिब कुठाय, अकिब कुठाय’ करत तीसुद्धा पुढे गेली होती. सगळ्याच बहिणी जातात. तिचा अकिब दर वेळी बाहेर आला, एवढाच काय तो फरक.

“तू नीटच खेळलीस गं,” ती कशीबशी म्हणाली. “मीपण तेच केलं असतं.”

“राज्य अजून माझ्यावरच हाय,” दीक्षा म्हणाली. “मी ऐसपैस म्हटलं नाय, तवर तो बाहेर यायचा नाय. व्हय ना, बाई?”

सरांनी शिकवलं होतं, मुलांना खोटी आशा लावायची नाही. पण हा प्रश्न खेळाचा होता आणि खेळाचा नियम रुकय्याला सरांपेक्षा जास्त ठाऊक होता. “नाही येणार,” ती म्हणाली. “राज्यवाला नाव घेत नाही तोवर बिचारा तिथंच बसून राहतो.”

बोलली आणि तिनं जीभ चावली. दीक्षानं चमकून तिच्याकडे बघितलं, मग उठून आत निघून गेली. त्या रात्री रुकय्याला झोप लागली नाही. आपण पोरीला आणखी खड्ड्यात ढकललं, असंच तिला वाटत राहिलं.

सकाळी श्रीपत आला तेव्हा मैदानात पोरांचा गलका चालला होता. दीक्षानंच स्वयंपाकघरातून दूध-पावडरीचा रिकामा डबा मागून आणला होता. “डबाऐसपैस! राज्य माझ्यावर!” असं कुणी न विचारता जाहीर करून टाकलं होतं. श्रीपत हाक मारणार, तोच रुकय्यानं त्याला हातानं थांबवलं.

चंदूनं लाथ घालून डबा लांब उडवला. दीक्षानं तो आणून जागेवर ठेवेपर्यंत पोरं चहूकडे पांगली. सगळ्यात आधी नळाच्या टाकीमागं चंदू सापडला. धावत येऊन डब्यावर पाय ठेवून दीक्षा ओरडली, “चंदू ऐसपैस!” मग सोना. मग दुसऱ्या वाड्यांची पोरं, एकामागून एक. सगळी सापडली आणि डब्याभोवती जमली. खेळ संपला म्हणून कुणीतरी डबा उचलायला वाकलं.

दीक्षानं पाय काढला नाही.

ती वळली. पलीकडे तांबडा ओरखडा पडलेला डोंगर होता. त्याच्याकडे तोंड करून तिनं छाती भरून श्वास घेतला आणि एवढ्या मोठ्यानं ओरडली की व्हरांड्यातले सरसुद्धा बाहेर आले.

“अशू ऐसपैस!”

ती वाट बघत राहिली, मान उंच करून, खरंच कुणीतरी लाकडांमागून उठून येणार असल्यासारखी. श्रीपतनं टॉवेल तोंडावर घट्ट दाबून धरला होता. मग पोरीचे खांदे गदगदायला लागले आणि तिनं पुन्हा हाक दिली. या वेळी आवाज फाटलेला होता.

“तू दिसला व्हतास रे, अशू! मला आधीच दिसला व्हतास!”

रुकय्या पुढे झाली, पण मधेच थबकली. चंदू दीक्षाजवळ गेला होता. पहिला सापडलेला तोच. म्हणजे आता पाळी त्याची. त्यानं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं, खाली बसून दोन्ही हातांनी तिचा पाय हळूच डब्यावरून बाजूला केला आणि आपला ठेवला.

“आता राज्य माझ्यावर, दीक्षे,” तो म्हणाला. “तू सुटलीस.”